सॉनात पहिल्यांदा जाताना: आकडा नव्हे, ओलावा बघा

९० अंश सेल्सिअसच्या पाण्यात बोट बुडालं तर क्षणात भाजतं. ९० अंशांच्या सॉनात, म्हणजे गरम हवेने अंग शेकायच्या लाकडी खोलीत, मात्र माणसं पाठ टेकून दहा-दहा मिनिटं निवांत बसलेली दिसतात. आकडा तोच, मग परिणाम इतका वेगळा कसा? हे एकदा समजलं की सॉनातले जवळजवळ सगळे नियम पाठ न करता लक्षात राहतात: अंगठी का काढायची, खालच्या बाकावर का बसायचं, दगडांवर पाणी टाकण्याआधी शेजाऱ्याला का विचारायचं. पहिल्यांदा जाणारा माणूस बहुधा भिंतीवरच्या तापमापकाला घाबरतो. खरं जपायचं असतं ते ओलाव्यापासून, उंचीपासून आणि स्वतःच्या जिद्दीपासून.

सॉना हा शब्द फिनिश आहे. मूळ उच्चार साधारण ‘साउना’. फिनलंडची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास आणि सॉना सुमारे ३० लाख, त्यामुळे तिथे ती घरातल्या न्हाणीघराइतकीच साधी गोष्ट आहे. २०२० मध्ये युनेस्कोने फिनलंडच्या सॉना संस्कृतीची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. रचना सोपी असते. लाकडाने मढवलेली छोटी खोली, कोपऱ्यात दगडांनी भरलेला हीटर (विजेचा किंवा लाकूडफाट्याचा), आणि पायऱ्यांसारखे एकावर एक दोन-तीन बाक. तापमान सहसा ७० ते १०० अंश आणि सापेक्ष आर्द्रता १० ते २० टक्के. यातला दुसरा आकडा कुणी सांगत नाही, पण खरा खेळ त्याचाच.

गरम हवा भाजत का नाही

हवा फार विरळ असते. एक लिटर गरम पाण्यात जेवढी उष्णता मावते, त्याच्या सुमारे ४,००० पट कमी उष्णता तेवढ्याच तापमानाच्या एक लिटर हवेत असते. शिवाय हवा उष्णता पुढे द्यायला कंजूष असते, पाण्याच्या जेमतेम विसाव्या हिश्शाने देते. त्वचेला चिकटून हवेचा एक पातळ थर उभा राहतो, तो त्वचेमुळे थोडा निवतो आणि दुलईसारखं काम करतो. त्यात घाम सुटतो, कोरड्या हवेत तो भराभर उडतो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. या दोन गोष्टींच्या जोरावर शरीर ९० अंशांत तग धरतं. आत बसल्यावर दंडावर हळूच फुंकर मारून बघा. गार वाटण्याऐवजी चटका बसतो, कारण फुंकरीबरोबर आजूबाजूची गरम हवा ओढली जाते आणि तो राखणदार थर विस्कटतो. आत टॉवेल झटकला की सगळे त्रासून बघतात, ते याचसाठी.

लाकडाचंही असंच. बाक हवेइतकाच तापलेला असतो, पण लाकूड आपली उष्णता सावकाश सोडतं, म्हणून त्यावर बसता येतं. धातू ती एकदम हातावर ओततो. त्यामुळे चांगल्या सॉनात खिळ्यांची डोकी लाकडात खोल बुडवलेली असतात आणि दाराची मूठही लाकडीच असते. तुमच्या अंगावरची साखळी, कानातलं, अंगठी, घड्याळ, धातूच्या काड्यांचा चष्मा हे सगळं तो नियम मोडतं. यातलं काहीही घालून जाऊ नका.

आणि दगडांवर पाणी पडलं की?

थंड पाण्याने भरलेल्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पेल्याचा पृष्ठभाग हवेतल्या वाफेच्या दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला वाफेचं पाणी होऊ लागतं त्यापेक्षा) थंड असतो, म्हणून वाफेचं पाणी होऊन ती तिथे बसते. सॉनात तो थंड पेला म्हणजे तुम्ही. आजूबाजूला सगळं ८०-९० अंशांवर आणि तुमची त्वचा ४० अंशांच्या आसपास.

आता हिशेब बघा. ९० अंशांच्या हवेत १० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू ३९ अंशांच्या जवळपास येतो. म्हणजे त्वचेच्या तापमानाच्या अगदी उंबरठ्यावर. अशा हवेत घाम कसाबसा उडत राहतो. मग कुणीतरी पळीभर, समजा २०० मिलिलिटर, पाणी दगडांवर टाकतं. त्याची ३०० लिटरपेक्षा जास्त वाफ होते. १० घनमीटरच्या खोलीत ती पसरली की दवबिंदू ४६ अंशांच्या आसपास चढतो. तापमापकाचा काटा जागचा हललेला नसतो, पण तुमच्या त्वचेवर चित्र पालटलेलं असतं. घाम उडणं थांबतं आणि उलट हवेतली वाफ पाणी होऊन अंगावर बसू लागते. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे २,४०० जूल उष्णता बाहेर पडते, ती थेट कातडीत शिरते. खांद्यांवर, कानांच्या पाळ्यांवर, नाकाच्या शेंड्यावर सुयांसारखं टोचतं ते हेच. पहिल्या मिनिटभरात अंगावर दिसणारे थेंब हा सगळा घाम नसतो, त्यात बरंचसं हवेतलं पाणी असतं.

फिनिश भाषेत या वाफेला, तिच्या लाटेला ‘लॉयल्यू’ असा स्वतंत्र शब्द आहे, आणि तिथल्या लोकांना विचाराल तर लॉयल्यूविना सॉना म्हणजे नुसती तापलेली खोली. पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी मात्र हीच गोष्ट सगळ्यात अनपेक्षित असते. ‘आता सवय झाली’ असं वाटत असतानाच पळीभर पाणी पडतं आणि पळता भुई थोडी होते.

याच हिशेबाने स्टीम रूमचंही कोडं सुटतं. तिथे तापमान जेमतेम ४०-५० अंश, पण आर्द्रता १०० टक्के. ४५ अंशांच्या स्टीम रूमचा दवबिंदू ४५ अंशच, म्हणजे पाणी टाकल्यानंतरच्या ९० अंशांच्या सॉनाएवढाच. म्हणून ‘मला स्टीम रूम सोसते, सॉना सोसणार नाही’ किंवा याच्या उलट, असे अंदाज आकड्यांवरून बांधू नयेत. इन्फ्रारेड केबिन ही तिसरीच वस्तू. ती ४५ ते ६० अंशांवर चालते, दगड नसतात, पाणी टाकायचं नसतं. उष्णता हवेतून कमी आणि पॅनेलमधून निघणाऱ्या किरणांतून जास्त मिळते. खाली जे सांगितलं आहे ते दगडांच्या सॉनाबद्दल.

कुणी आधी डॉक्टरांना विचारायचं

पंधरा मिनिटांच्या बैठकीत शरीराचं आतलं तापमान साधारण अर्धा ते एक अंश वाढतं. त्वचेकडे रक्त लोटण्यासाठी हृदयाचे ठोके मिनिटाला १०० ते १५० पर्यंत जातात, म्हणजे झपाझप चालल्याएवढे किंवा त्याहून थोडे जास्त. धडधाकट माणसाला हा भार पेलतो. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असेल, छातीतलं दुखणं आटोक्यात नसेल, हृदयाची महाधमनीची झडप फार अरुंद झालेली असेल, तर सॉना टाळायचीच. रक्तदाब फार कमी राहत असेल, लघवी वाढवणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, गर्भारपण असेल, मधुमेहासाठी इन्सुलिन घेत असाल (उष्णतेत ते त्वचेखालून लवकर शोषलं जातं) किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस असेल, तर आधी विचारा. मूल होण्यासाठी प्रयत्न चालू असलेल्या पुरुषांनी एवढं लक्षात ठेवावं की नियमित सॉनाने शुक्राणूंची संख्या तात्पुरती घटते. सॉना थांबवल्यावर ती भरून येते.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: औषधाचे पॅच. वेदनाशामक फेंटानिल किंवा हृदयासाठी नायट्रोग्लिसरीन त्वचेवर चिकटवलेलं असेल तर उष्णतेत ते ठरल्यापेक्षा कितीतरी वेगाने रक्तात उतरतं. हे गंमतीचं नाही.

ताप, जुलाब, उन्हाने भाजलेली कातडी, ताजी जखम किंवा ताजा टॅटू असेल तर दुसरा दिवस बघा. आणि दारू: आधी नको, मध्ये नको. फिनलंडमध्ये सॉनात झालेल्या मृत्यूंत दारूचा वाटा मोठा आढळला आहे. ती रक्तदाब पाडते, पाणी घटवते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘आता उठावं’ हे सांगणारा आतला आवाज दाबून टाकते.

आत शिरण्याआधी

भरल्या पोटी जाऊ नका, उपाशीपोटीही नको. हलकं खाऊन तास-दीड तास झालेला बरा. त्या आधीच्या तासात दोन पेले पाणी प्या. व्यायामानंतर जात असाल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा, श्वास आणि ठोके खाली येऊ द्या, पाणी प्या, मगच.

साबणाने स्वच्छ अंघोळ करा. हा निव्वळ शिष्टाचार नाही. अत्तर, डिओडरंट, क्रीम, केसांचं तेल उष्णतेत उडतं आणि बंद खोलीत दहा जणांच्या नाकात जातं. जलतरण तलावातून थेट आलात तर पोहण्याच्या कपड्यांतलं क्लोरिनही तसंच उडतं, आणि डोळे चुरचुरतात. अंग पुसून कोरडं करायचं की ओलंच जायचं यावर दोन पंथ आहेत. जर्मन पद्धत कोरडं होऊन जाण्याची. फिनलंडमध्ये बरेच जण शॉवरखालून थेट, ओल्या अंगाने आत जातात. पहिल्या खेपेला दोन्ही चालतं. केस लांब असतील तर मात्र ते ओले करून बांधा, कोरडे केस फार तापतात.

कपड्यांचा प्रश्न सगळ्यांना सतावतो आणि विचारायला संकोच वाटतो, म्हणून स्पष्टच लिहितो. याचं एकच उत्तर नाही. फिनलंडमध्ये सार्वजनिक सॉना सहसा स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या आणि विवस्त्र. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी एकत्र आणि विवस्त्र, तिथे पोहण्याचे कपडे घालून जाणं हेच नियमाविरुद्ध. इतर अनेक देशांतल्या हॉटेलांत आणि व्यायामशाळांत उलट सक्ती, कपडे हवेतच. दारावरची पाटी वाचा किंवा काउंटरवर विचारा. टॉवेल गुंडाळून बसणं बहुतेक ठिकाणी चालतं. कपडे घालायचेच असतील तर सैल आणि सुती. अंगाला घट्ट चिकटणारं कृत्रिम कापड घाम उडू देत नाही.

सोबत दोन टॉवेल लागतात: एक बसायला, एक नंतर अंग पुसायला. बसायचा टॉवेल एवढा लांब हवा की तुमच्या अंगाखाली आणि पावलांखालीही येईल. लाकडावर घाम पडू द्यायचा नाही हा जर्मन सॉनांतला जवळजवळ पहिला नियम आहे. घामाने लाकूड काळवंडतं, वास धरतं, आणि तो वास पुढे कुठल्याही साबणाने जात नाही. चपला बाहेर ठेवा. फोनही बाहेर, एवढ्या उष्णतेत तो स्वतःच बंद पडतो, बॅटरी खराब होते ते वेगळं.

आणि पहिल्या वेळी एकट्याने जाऊ नका.

पहिली फेरी

दार बाहेरच्या बाजूला उघडतं आणि त्याला कडी नसते. घेरी आलेला माणूस नुसता ढकलून बाहेर पडू शकावा म्हणून. असं दार नसेल, किंवा ते अडकत असेल, तर त्या सॉनात न गेलेलंच बरं. पटकन आत शिरा, दार लावून घ्या, आणि लगेच बसू नका. दोन श्वास उभं राहून बघा, खोलीत कुठे कोण बसलंय, हीटर कुठे आहे, पळी-बादली कुठे आहे.

गरम हवा वर जाते, हे शाळेत शिकलेलं इथे डोक्याला लागतं. छताशी ९०-१०० अंश असताना जमिनीजवळ कधी कधी ४०-५० च असतात. एक बाक खाली उतरलं की दहा-पंधरा अंश सहज कमी होतात, आणि वाफेची लाट तर आधी छताला भिडून मग खाली येते. तापमापक बहुधा वरच्या बाकावर बसणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीला लावलेला असतो, म्हणजे तो वरच्यांचं तापमान सांगतो, तुमचं नाही. पहिली फेरी खालच्या किंवा मधल्या बाकावर, दाराच्या बाजूला, हीटरपासून हातभर तरी लांब.

एक बारकावा. पाय खाली सोडून वर बसलं तर डोकं ९० अंशांत आणि पावलं ५० अंशांत राहतात. डोकं भणाणतं आणि पाय गार. जमेल तर पाय बाकावर घेऊन बसा किंवा आडवे व्हा, म्हणजे सगळं अंग एका तापमानात येतं. गर्दी असेल तर आडवं होण्याचा हट्ट अर्थातच नको.

वेळ: पाच ते आठ मिनिटं. भिंतीवर १५ मिनिटांचं वाळूचं घड्याळ असतं, ते बघून पुष्कळांना वाटतं की वाळू संपेपर्यंत बसायचं असतं. तसं काही नाही. अनुभवी माणसंही सहसा ८ ते १२-१५ मिनिटांतच बाहेर येतात. पहिली दोन-तीन मिनिटं नुसतं ऊबदार वाटतं, अंग कोरडंच असतं. चौथ्या-पाचव्या मिनिटाला कपाळ, पाठ, छाती पाझरू लागते. घाम नीट वाहू लागला, चेहरा लाल झाला आणि ‘अजून बसता येईल, पण नाही बसलं तरी चालेल’ असं वाटलं, की तीच उठायची वेळ. ‘आता असह्य होतंय’ ही वेळ निघून गेल्याची खूण आहे.

श्वास नाकाने, सावकाश. वाफेच्या लाटेत नाकपुड्या पोळत असतील तर मान खाली घालून तळहाताची ओंजळ नाकासमोर धरा, किंवा ओला रुमाल. कान आणि टाळू फार तापत असतील तर त्यासाठी जाड लोकरीची टोपी मिळते. गरम खोलीत लोकरीची टोपी हे वेड्यासारखं दिसतं खरं, पण ती उष्णता बाहेरच अडवते. रशियन बान्यात, म्हणजे तिथल्या वाफेच्या स्नानगृहात, ती सर्रास दिसते.

पळी तुमच्या हातात आली तर

आधी विचारा. ‘पाणी टाकू का?’ एवढं पुरतं, आणि कुणी नको म्हटलं तर नाही टाकायचं. काही ठिकाणी पाणी टाकण्याचं काम फक्त तिथल्या माणसाचं असतं. जर्मनीत त्याचा ‘आउफगुस’ नावाचा सोहळाच होतो, ठरलेल्या वेळी तो पाणी टाकतो आणि टॉवेल फिरवून गरम हवा सगळ्यांकडे ढकलतो. तो चालू असताना दार उघडायचं नसतं असा संकेत आहे, म्हणून नवख्याने तो पहिल्या दिवशी टाळावा, किंवा अगदी खाली, दाराशी बसावं. तरीही त्रास झाला तर संकेत गेला उडत, सरळ बाहेर पडा.

प्रमाण: एका वेळी १०० ते २०० मिलिलिटर, म्हणजे लहान पळी. टाकून अर्धा-एक मिनिट थांबा, वाफ सगळीकडे पोचू द्या, मग आणखी हवी का ठरवा. बादली उपडी केल्यासारखं ओतणाऱ्यांचं दुहेरी नुकसान होतं: वरच्या बाकावरचे भाजतात आणि दगड निवतात. पाणी दगडांवर पसरून टाकायचं, एकाच फटीत नाही, कारण खाली विजेची कॉइल असते. हात दगडांच्या थेट वर नको. वाफ सरळ वर उसळते आणि मनगट भाजतं. बाजूने, लांबून.

आवाज ऐका. दगड चांगले तापलेले असतील तर पाणी पडताच ‘चर्र’ होऊन दोन-तीन सेकंदांत नाहीसं होतं. पाणी खाली गळल्याचा आवाज आला तर दगड पुरेसे तापलेले नाहीत. हवा तापलेली आणि दगड थंड अशी स्थिती घाईने सुरू केलेल्या सॉनात नेहमी दिसते. तापमापक ८० दाखवत असतो, पण दगडांना जास्त वेळ लागतो. विजेच्या हीटरला पाऊण ते एक तास द्यावा लागतो. घनमीटरमागे साधारण एक किलोवॅट असा हीटर निवडण्याचा ढोबळ हिशेब आहे. भिंतींत काच किंवा फरशी असेल तर आणखी जास्त.

पाणी साधं आणि स्वच्छ. खारं किंवा तलावातलं क्लोरिनचं पाणी हीटर गंजवतं. निलगिरीसारखं सुगंधी तेल बादलीभर पाण्यात काही थेंब, एवढंच. नुसतं तेल दगडांवर टाकलं तर ते पेट घेतं. आणि दगड म्हणजे कुठलाही धोंडा नव्हे. पेरिडोटाइट, ऑलिव्हिन डायबेस असे घट्ट, तापणं-निवणं सोसणारे दगड वापरतात. नदीकाठचा गोटा आणून ठेवला तर आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन तो तडकतो, क्वचित फुटून उडतो.

उठणं, हे सगळ्यात जोखमीचं

सॉनात चक्कर येते ती बहुधा बसलेली असताना नाही, उठल्यावर. उष्णतेने त्वचेतल्या आणि पायांतल्या रक्तवाहिन्या फाकलेल्या असतात, रक्त खाली साचलेलं असतं. झटकन उभं राहिलं की मेंदूकडे जाणारं रक्त काही सेकंद अपुरं पडतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. समोर गरम हीटर असताना हे नको. म्हणून आडवे असाल तर उठून एक-दोन मिनिटं बसा, पाय खाली सोडा, पोटऱ्या आवळा-सोडा, मग लाकूड धरून उभे राहा. वरच्या बाकावरून एकदम उतरू नका. मधल्या बाकावर थोडं टेका.

डोकं दुखणं, मळमळ, भोवळ, छातीत अनियमित धडधड, आतमध्ये असून अंगावर काटा येणं, किंवा वाहणारा घाम अचानक आटणं: यातलं काहीही झालं की मिनिटं मोजू नका, बाहेर. दुसरा कुणी गळून पडला तर त्याला आधी उष्णतेतून बाहेर काढा, आडवं करून पाय उंच करा, ओल्या फडक्याने गार करा. शुद्ध लगेच आली नाही, किंवा बोलणं असंबद्ध वाटलं, तर रुग्णवाहिका. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

चढाओढ किती महाग पडते याचं उदाहरण २०१० चं आहे. फिनलंडमधल्या हेइनोला गावी १९९९ पासून सॉनात कोण जास्त वेळ बसतो याची जागतिक स्पर्धा भरत असे. तापमान ११० अंश, आणि दर ३० सेकंदांनी अर्धा लिटर पाणी. वरचा दवबिंदूचा हिशेब आठवला तर याचा अर्थ कळेल. त्या वर्षीच्या अंतिम फेरीत सहा मिनिटांच्या आसपास शेवटपर्यंत टिकलेले दोघेही कोसळले. एकाचा मृत्यू झाला, दुसरा गंभीर भाजला. स्पर्धा तिथेच कायमची संपली. हे दोघे नवखे नव्हते.

थंड होणं हा निम्मा भाग

जितका वेळ आत, निदान तितका वेळ बाहेर. बाहेर पडल्यावर आधी मोकळ्या हवेत दोन-तीन मिनिटं सावकाश चाला किंवा बसा. मग कोमट-गार पाणी: पावलं, पोटऱ्या, मांड्या, हात, आणि शेवटी छाती-पाठ. हा क्रम उगाच नाही. गार पाण्याने रक्तवाहिन्या एकदम आवळतात आणि रक्तदाब उसळतो. हळूहळू गेलं तर हृदयाला जुळवून घ्यायला वेळ मिळतो.

बर्फगार पाण्याच्या कुंडात उडी मारणारे दिसतील. पहिल्या दिवशी त्यांचं बघून तसं करू नका. थंड पाण्याने धाप लागते, श्वास आपसूक आत ओढला जातो, आणि डोकं त्या क्षणी पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात जातं. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी ते कुंड कधीच नको. शॉवर पुरतो.

मग टॉवेल गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं बसा, पाणी प्या. ठोके पूर्वपदावर आले आणि पुन्हा आत जावंसं वाटलं, तर दुसरी फेरी. पहिल्या फेरीत सगळं नीट झालं असेल तर यावेळी एक बाक वर चढा किंवा एक पळी पाणी टाका, दोन्ही एकदम नाही. उंची, पाणी आणि वेळ या तीन खुंट्या आहेत. एका वेळी एकच पिळायची, म्हणजे त्रास झालाच तर कशामुळे झाला ते कळतं. पहिल्या दिवशी दोन फेऱ्या भरपूर झाल्या.

नवख्यांच्या तक्रारी बहुधा ठरावीक असतात. ‘गुदमरल्यासारखं झालं’ ही पहिली, आणि त्यात दरवेळी दोष उष्णतेचा नसतो. हीटरजवळून ताजी हवा आत येण्याची आणि समोरच्या बाजूने बाहेर जाण्याची वाट बंद असेल, किंवा सात-आठ माणसं छोट्या खोलीत बसली असतील, तर हवा खरोखरच शिळी होते. झरोका उघडा आहे का बघा. ‘रात्रभर डोकं दुखलं’ म्हणणाऱ्याने बहुतेक पाणी कमी प्यायलेलं असतं. ‘घामच आला नाही’ याचं कारण बहुधा एवढंच की तीन मिनिटांत उठले. आणि ‘कपडे घातल्यावर पुन्हा घामाघूम झालो’ ही तक्रार घाईची: बाहेर आल्यावरही शरीर पंधरा-वीस मिनिटं उष्णता टाकत राहतं. चेहऱ्याची लाली उतरल्याशिवाय शेवटची अंघोळ करू नका आणि कपडेही चढवू नका.

फायद्यांबद्दल

पूर्व फिनलंडमधल्या कुओपिओ भागातल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा सुमारे २० वर्षं पाठपुरावा केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा सॉना घेणाऱ्यांपेक्षा चार ते सात वेळा घेणाऱ्यांमध्ये हृदय अचानक बंद पडून होणारे मृत्यू लक्षणीय कमी दिसले. हे निरीक्षण आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. जो माणूस रोज सॉनात जाऊ शकतो तो मुळात जास्त निरोगी, निवांत असण्याची शक्यता आहेच. शिवाय हे सगळे लहानपणापासून सॉनाची सवय असलेले पुरुष होते. सांधे-स्नायू सैल पडणं आणि रात्री चांगली झोप लागणं, हे मात्र बहुतेकांना पहिल्याच दिवशी जाणवतं.

दोन दावे सोडून द्या. ‘घामावाटे विष बाहेर पडतं’: घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी आणि थोडं मीठ, विषारी द्रव्यं काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. आणि ‘वजन उतरतं’. उतरतं ते पाणी. उलट या उतरलेल्या वजनाचा एक छान उपयोग आहे. आत जाण्याआधी आणि सगळं आटोपल्यावर, अंग कोरडं करून, त्याच काट्यावर उभे राहा. मध्ये प्यायलेलं पाणी फरकात मिळवा. ६०० ग्रॅमचा फरक आला तर ६०० मिलिलिटर घाम गेला. तेवढं पाणी, वर थोडं जास्त, पुढच्या दोन तासांत घोट घोट प्या; मीठ नेहमीच्या जेवणातून भरून निघतं. लघवी गडद पिवळी येत असेल तर अजून प्यायला हवं.